वळशाचं प्रयोजन

जिथून निघायचं तिथेच परत यायचं आणि वाटेत कुठे काही कामही नाही, तर मग निघायचं कशाला? घरातलं कुणीही वडीलधारं माणूस हा प्रश्न सहज विचारेल, आणि तत्त्वज्ञानातही तो जुनाच आहे. माणूस जे काही करतो ते कशासाठी तरी करतो, असं आपण धरून चालतो. ‘कशासाठी’ला उत्तर नसेल तर ती कृती वेडेपणाची किंवा वेळ फुकट घालवणारी, असं आपण ठरवून टाकतो. या समजुतीची परीक्षा घ्यायला मी मुद्दाम एक साधं उदाहरण निवडतो: चढउतारांच्या मुलखात, गावागावांतल्या निवांत रस्त्यांवरून सायकलने मारलेला वळसा. अशा वळशाला स्वतःबाहेरचं प्रयोजन नसतं हे मला मान्य आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. त्याची किंमत नेमकी या प्रयोजन नसण्यात आहे, आणि प्रदक्षिणेसारखं धर्माचरण नीट समजायचं असेल तर निष्प्रयोजन कृती म्हणजे काय हे आधी समजून घ्यावं लागतं.

इंग्लंडमध्ये कॉट्सवोल्ड्स नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. जुरासिक काळातल्या पिवळसर चुनखडीचा हा पट्टा पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या खोऱ्यावर कड्यासारखा उभा राहतो आणि पूर्वेकडे हळूहळू उतरत जातो. त्या उतारावरून विंडरश, कोल्न, लीच, एव्हनलोड या लहान नद्या थेम्सकडे वाहतात आणि जाताना जमिनीला घड्या पाडतात. त्यामुळे आपल्याकडच्या घाटांसारखे लांबच लांब चढ तिथं नाहीत, पण सलग सपाटीही नाही. रस्ता ओढ्यापर्यंत उतरतो, चढून माळावर येतो, पुन्हा उतरतो. स्टो-ऑन-द-वोल्ड या माथ्यावरच्या गावातून निघावं, लोअर स्वेलवरून दोन्ही स्लॉटर गावं पाहावीत, नॉन्टनला विंडरशच्या काठी उतरावं, गायटिंग पॉवर आणि टेम्पल गायटिंग करून काँडिकोटमार्गे पुन्हा स्टोला यावं, असा तीसेक किलोमीटरचा वळसा सहज जुळतो. रस्ता एका गाडीपुरता रुंद, समोरून ट्रॅक्टर आला तर कडेच्या गवतात उतरून उभं राहावं लागतं. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी ताली: चपट्या दगडांचे थर आडवे आणि सगळ्यांत वरची रांग उभी, पुस्तकं लावावीत तशी. पलीकडे सातू, गहू आणि मेंढ्या. नॉन्टनहून वर येताना सायकलस्वाराची नजर पुढच्या चाकासमोरच्या चार हात रस्त्यावर खिळते. चढ संपला की माळावरचा वारा अंगावर येतो, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत पुढचा उतार सुरू झालेला असतो.

याच मुलखातून एक अगदी वेगळ्या वृत्तीचा रस्ता जातो. एक्सिटरहून लिंकनपर्यंत गेलेला फॉस वे हा रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात बांधला, आणि स्टो त्याच्यावरच वसलेलं आहे. तो मैलोन्‌मैल सरळ जातो, कारण त्याच्यावरून सैन्य आणि फर्मानं जायची होती. मधली गावं, ओढे, टेकड्या हे त्याच्या दृष्टीने अडथळे. गावरस्त्यांचं तसं नाही. ते गिरणीकडे, चर्चकडे, मेंढ्यांच्या कुरणाकडे जाणाऱ्या पायवाटांमधून घडले. शेताच्या बांधाला वळसा घालणं, ओढ्याचा उथळ भाग शोधणं हे त्यांच्या आकारातच उतरलेलं आहे. हे रस्तेही मूळचे कामाचेच होते, हे विसरून चालणार नाही. गिरणीकडे जाणारा माणूस दळण घेऊनच जात होता. पण या सगळ्या छोट्या कामांच्या वाटा एकमेकींना जोडल्या गेल्या, तेव्हा कुठल्याही एका कामाचं नसलेलं असं एक जाळं तयार झालं. फॉस वेवर उभं राहून ‘हा कुठे जातो?’ असं विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळतं. टेम्पल गायटिंगच्या वळणावर तोच प्रश्न विचारला तर उत्तर विचारणाऱ्यावरच अवलंबून राहतं. वळसा मारायचा तो अशा रस्त्यांवर, कारण ते माणसाला मुक्कामाकडे ढकलत नाहीत.

या वळशाचा हिशेब कठोरपणे मांडून पाहू. जिथून निघालो त्याच उंचीवर परत आलो, म्हणजे जितकं चढलो तितकंच उतरलो. बंद वाटेवर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेल्या कामाची निव्वळ बेरीज शून्य येते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. जी ताकद लागली ती हवेला बाजूला सारण्यात आणि टायरच्या घर्षणात गेली, तिची उष्णता झाली आणि ती माळावर विरून गेली. अंतर कापलं, पण विस्थापन काही झालं नाही. माल पोचवला नाही, निरोप दिला नाही. जमाखर्चाच्या वहीत अशा सकाळीची नोंद करायची तर जमेच्या बाजूला काहीच लिहिता येत नाही. म्हणून जो विचार प्रत्येक कृतीची किंमत तिच्या फळावरून ठरवतो, त्याच्यापुढे इथं दोनच मार्ग उरतात: ही सकाळ व्यर्थ होती असं म्हणायचं, नाही तर लपलेलं एखादं फळ शोधून काढायचं. मला तिसरा मार्ग दिसतो, आणि तो दाखवायला मदत होते ती ॲरिस्टॉटलची, तीही त्याच्याशी थोडा वाद घालून.

ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या पुस्तकात कृतींचे दोन प्रकार केले. घर बांधणं ही अपुरी कृती: बांधत असतो तोवर घर झालेलं नसतं, आणि झालं की बांधणं थांबतं. पाहणं ही पूर्ण कृती: ज्या क्षणी आपण पाहतो त्याच क्षणी पाहून झालेलंही असतं, पाहणं पुरं व्हायला आणखी कशाची वाट बघावी लागत नाही. आता अडचण अशी की चालण्याला तो पहिल्या प्रकारात टाकतो, कारण चालणं हे कुठून तरी कुठे तरी असतं आणि पोचेपर्यंत ते अपुरंच. सायकलचीही मग तीच गत. पण त्याच्या डोळ्यांसमोर फॉस वेसारखं चालणं आहे, असं मला वाटतं. वळशात ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन जागा एकच होतात, मग त्या गतीची व्याख्या जागांवरून करताच येत नाही. यावर कुणी म्हणेल, अर्धा वळसा हा पुरा वळसा नव्हे, तेव्हा अपुरेपण उरतंच. बरोबर आहे. ‘फेरी पुरी करणं’ ही खरोखरच घर बांधण्यासारखी कृती आहे. पण त्याच वेळी दुसरी एक कृतीही चाललेली असते: सायकल चालवणं, म्हणजे अंगाने चढ मोजणं, वारा घेणं, रस्ता पाहणं. पावसामुळे नॉन्टनहून मागे फिरलेल्या माणसाची फेरी अपुरी राहिली, पण त्याचं सायकल चालवणं अपुरं राहिलं असं म्हणता येणार नाही. नॉन्टनपर्यंतच्या प्रत्येक क्षणी ते पूर्णच होतं. वळसा हा निवांतपणे पूर्ण कृती करता यावी म्हणून घातलेला अपुऱ्या कृतीचा सांगाडा आहे.

हाच प्रश्न आपल्याकडे थेट ईश्वरासंबंधी विचारला गेला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादात एक तगडा आक्षेप येतो: कुणीही शहाणा प्रयोजनावाचून काही करत नाही. ब्रह्माला तर कशाचीच उणीव नाही, मग त्याने जग निर्माण केलं कशासाठी? प्रयोजन होतं म्हणावं तर ब्रह्म अपुरं ठरतं, नव्हतं म्हणावं तर निर्मिती वेडगळ ठरते. सूत्रकारांचं उत्तर असं की लोकव्यवहारात खेळ (लीला) असतो, तसं हे आहे. शंकराचार्यांनी भाष्यात दोन दाखले दिले. एक, सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा क्रीडेत रमतो. दोन, श्वास बाहेरच्या कुठल्याही प्रयोजनावाचून स्वभावतःच चालतो. या उत्तरातली खोच महत्त्वाची आहे. आक्षेप घेणाऱ्याला कृतीचं एकच मूळ ठाऊक होतं, उणीव. भूक आहे म्हणून स्वयंपाक, भीती आहे म्हणून भिंत. आचार्य दुसरं मूळ दाखवतात: भरलेपण. तिथून निघालेली कृती काही मिळवायला निघत नाही, म्हणून तिला पोचण्याची घाई नसते. गीतेतल्या निष्काम कर्मापेक्षा ही कल्पना वेगळी आहे. निष्काम कर्मात कर्तव्य असतं, लोकसंग्रह असतो, फक्त फळाची आस सोडलेली असते. लीलेत सोडायला मुळात फळच नाही.

इथं पहिला आक्षेप येणारच, आणि तो योग्य आहे. माणूस म्हणजे ब्रह्म नव्हे. सायकलवर निघणाऱ्याला वजन उतरवायचं असतं, रक्तदाब आटोक्यात ठेवायचा असतो, आठवडाभराचा शीण घालवायचा असतो. मग प्रयोजन नाही हे म्हणणं खोटंच की! गंमत म्हणजे शंकराचार्यांनी हा आक्षेप आधीच ओळखला होता. लोकांच्या खेळातही बारीकसं प्रयोजन शोधलं तर सापडेल, असं ते त्याच भाष्यात मान्य करतात आणि पुरी निष्प्रयोजनता फक्त ईश्वरापाशीच ठेवतात. तेव्हा माणसाच्या बाबतीत हा फरक कमी-अधिक प्रमाणाचा आहे, हे मीही कबूल करतो. तरीही प्रमाण ओळखण्याची एक कसोटी आहे. ते प्रयोजन दुसऱ्या मार्गाने फुकट साधून दिलं, तर माणूस कृती सोडून देईल का? गोळी घेऊन वजन उतरत असेल तर व्यायामशाळेतलं एका जागी फिरणारं चाक बरेचजण सोडून देतील. गायटिंगचा वळसा त्याने सुटेल असं मला वाटत नाही. लाभ होतो तो सोबत येतो, तो ओढून नेत नाही. उलट लाभालाच पुढे बसवलं की काय होतं तेही दिसतं. २००९ साली सुरू झालेल्या स्ट्राव्हासारख्या ॲपने प्रत्येक चढाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक आरंभ, एक शेवट आणि एक क्रमवारी दिली. त्यात स्पर्धेचा आनंद आहे, तो खोटा नाही. पण वळशाच्या आत अनेक छोटे फॉस वे बांधले गेले, आणि नजर रस्त्यावरून मनगटाकडे गेली, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो आणि तो अधिक खोल आहे. पास्कालने सतराव्या शतकात लिहून ठेवलं की माणसाच्या दुःखाचं मूळ त्याला आपल्या खोलीत स्वस्थ बसता येत नाही यात आहे. शिकार, जुगार, लढाया या सगळ्या स्वतःपासून पळण्याच्या वाटा. वळसा ही तशीच पळवाट नव्हे काय? इतिहासात हा आक्षेप अगदी रोखठोक रूपात आला होता. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणली, १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि १८९०च्या दशकात रविवारी सकाळी तरुण मंडळी प्रार्थनेला दांडी मारून गावरस्त्यांवर दिसू लागली. अनेक धर्मोपदेशकांनी त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली, तर काही चर्चनी सायकलस्वारांचं स्वागत केलं. पुढे मेरिडन गावात पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सायकलस्वारांचं स्मारक १९२१ साली उभं राहिलं आणि तिथं दरवर्षी मे महिन्यात प्रार्थनासभा भरू लागली. म्हणजे दोन्ही बाजूंची समेट झाली, पण समेट म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर असं देता येईल: पास्कालने ज्या पळण्याचं वर्णन केलं त्याचं लक्षण हे की मिळवायच्या वस्तूवाचून ते चालत नाही. ससा विकत मिळतो म्हणून कुणी शिकार सोडत नाही, पण सशावाचून शिकारही होत नाही, असं त्याचंच निरीक्षण आहे. वळशाला ससा लागत नाही. तिथं माणूस स्वतःपासून सुटतही नाही. चढावर स्वतःचा श्वास, स्वतःचं वजन, स्वतःची मर्यादा यांच्याशिवाय दुसरं काही सोबतीला नसतं. हलत राहणं म्हणजे पळणं नव्हे, आणि खोलीत बसलेला माणूस स्वस्थ असतोच असंही नाही. शनिवारात म्हणा, रविवारात म्हणा, विसाव्याच्या दिवसाचा गाभा ‘आज काही मिळवायचं नाही’ हाच असेल, तर गावरस्त्यावरचा वळसा त्या दिवसाच्या अगदी विरोधात जात नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. निष्प्रयोजन हिंडणं ही रिकामटेकड्या सुखवस्तूंची चैन. ज्याला दुधाचे कॅन लावून पहाटे सायकल हाणावी लागते त्याला हे लीलेचं तत्त्वज्ञान सांगून दाखवा. या बोलण्यात जो राग आहे तो रास्त आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये क्लॅरियन सायकलिंग क्लब स्थापन झाला तो समाजवादी विचारांच्या कामकरी लोकांनी. आपलं वर्तमानपत्र गावोगाव वाटणं हा त्यांच्या फेऱ्यांचा भाग होता, पण कारखान्याच्या भोंग्याबाहेर एक दिवस स्वतःचा असावा हीदेखील त्यांची तितकीच ठाम मागणी होती. पोटासाठी जुंपलेल्या माणसाच्या प्रत्येक तासाला दुसऱ्या कुणाचं तरी प्रयोजन चिकटलेलं असतं, म्हणून निष्प्रयोजन तासाची गरज त्यालाच सगळ्यांत जास्त. दूधवाल्याकडे असा वळसा मारायला वेळ नाही हा वळशाचा दोष नव्हे, त्याचा वेळ काढून घेणाऱ्या व्यवस्थेचा दोष आहे. भरलेपणातून काही करता येणं ही माणसाची गरज आहे असं मानलं, तर ती थोड्यांच्याच वाट्याला येते ही चीड अधिक धारदार होते, बोथट होत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप मात्र यानंतरचा. प्रदक्षिणा आणि सायकलचा वळसा यांत वरवरचं साम्य आहे, पण प्रदक्षिणेला केंद्र असतं. श्रावणात त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी घालणारा डोंगराला उजवीकडे ठेवून चालतो, नर्मदेची परिक्रमा करणारा नदीला. गायटिंगच्या वळशात उजवीकडे काय आहे? सातूचं शेत. याला पळवाट नाही आणि शोधूही नये: केंद्र नसलेला वळसा ही उपासना नव्हे. पण केंद्र असलेल्या फेरीत ते केंद्र काय करतं हे नीट पाहिलं पाहिजे. नर्मदेच्या परिक्रमेत माणूस दोन्ही तीर मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर चालतो आणि नियम असा की नदी ओलांडायची नाही. पाणी जवळ असतं, रोज दिसतं, तरी ते पार करायची वस्तू होत नाही. शेवटी निघालेल्या जागीच येऊन परिक्रमा पुरी होते. केंद्र हे इथं पोचण्याचं ठिकाण नसतंच, ते सतत सोबत ठेवण्याचं असतं. वारीला तर पंढरपूर हा स्पष्ट मुक्काम आहे, तरी गर्दीत गाभाऱ्यापर्यंत न पोचलेला वारकरी कळसाचं दर्शन घेऊन समाधानाने परततो आणि पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. पोचणं हेच फळ असतं तर एकदा पोचल्यावर वारी संपायला हवी होती. म्हणजे आपल्या परंपरेतल्या श्रेष्ठ वाटचाली या देवाला उद्देशून असल्या, तरी देवाकडून काही वसूल करण्यासाठी नाहीत. भक्ती त्यांना दिशा देते, आणि त्यांच्या चालण्याची जात तीच असते जी निष्प्रयोजन वळशाची.

आणि ही जात बिघडते कशी, हेही आपण रोज पाहतो. नोकरी लागावी म्हणून अकरा फेऱ्या, खटला जिंकावा म्हणून एकवीस. संकटातल्या माणसाने देवापुढे मागणं मांडणं अगदी स्वाभाविक आहे, त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण सगळीच प्रदक्षिणा मागण्याची झाली तर तिचा आकार तेवढा गोल राहतो. आतून ती आरंभापासून फळापर्यंत जाणारी सरळ रेषा होते. अशा माणसाला आपला देवही मग तसाच कल्पावा लागतो, घेतल्यावाचून न देणारा. जग हे कुणाच्या गरजेपोटी झालेलं नाही, ते भरलेपणातून आलं आहे, हा ब्रह्मसूत्रांचा सिद्धांत त्याला तर्काने पटेल कदाचित, पण त्याच्या अनुभवात त्याला कुठेच आधार सापडणार नाही, कारण स्वतः भरलेपणातून एखादी गोष्ट केल्याचं त्याला आठवतच नसतं. म्हणून मी निष्प्रयोजन वळशाला धर्माच्या जागी बसवत नाही, धर्माच्या अलीकडे ठेवतो. शरीराला आणि मनाला काही न मिळवता पुरेसं वाटण्याची सवय तिथं लागते, आणि ती सवय नसेल तर मोठमोठे सिद्धांत नुसते शब्द राहतात. ही सवय सायकलनेच लागते असं नाही. कुणाला ती रियाजात लागेल, कुणाला बागेत. पण चढउतारांच्या मुलखातला बंद रस्ता ती फार स्वच्छपणे दाखवतो, कारण तिथं हिशेबाची बेरीज शून्य येते हे आधीपासून ठाऊक असतं आणि तरीही माणूस निघतो. ज्याला काही मागायचं नसताना निघताच येत नाही, त्याची प्रार्थनासुद्धा अखेर अर्जच राहते.